चोपण रानाला कार्स्टचा साचा बसतो का?

मृदाशास्त्रात किंवा पर्यावरणशास्त्रात पीएच.डी.साठी विषय शोधत असाल, तर एक आराखडा तुमच्यासमोर येतोच येतो. जमिनीच्या ऱ्हासाचे तीन-चार टप्पे ठरवायचे. प्रत्येक टप्प्यातली माती आणि पानं गोळा करायची. कर्ब, नत्र, फॉस्फरस मोजायचे, त्यांची गुणोत्तरं काढायची आणि टप्प्यागणिक काय बदललं ते सांगायचं. सुटसुटीत आहे, दोन हंगामांत होतो, आणि पेपरही निघतो. या आराखड्याचा सर्वांत जास्त वापर दक्षिण चीनच्या कार्स्ट प्रदेशात, विशेषतः ग्वेझोऊ प्रांतात झाला आहे. आता तो आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये उतरतो आहे. म्हणून एक साधा प्रश्न विचारायचा आहे: हाच साचा उचलून वाळवा तालुक्यातल्या आष्ट्याच्या क्षारपड रानावर ठेवला, तर बसेल का?

माझं उत्तर आहे, जसाच्या तसा नाही बसणार. आणि जबरदस्तीने बसवला तर त्यातून निघणारी शिफारस शेतकऱ्याच्या खिशाला चाट लावेल. कशी, ते पुढे येईलच.

आधी कार्स्ट समजून घेऊ. कार्स्ट म्हणजे चुनखडकाचा प्रदेश. हा खडक पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात विरघळतो आणि वाहून जातो. माती व्हायला मागे उरतो तो थोडासा न विरघळणारा गाळ. म्हणून तिथे माती मुळातच पातळ, आणि नवी तयार व्हायला फार वेळ लागणारी. उतारावरचं जंगल तोडलं, मका लावला, की ती पातळ माती काही खाली वाहते, काही खडकाच्या भेगांत शिरते आणि वर उघडा खडक दिसायला लागतो. याला खडकाळ वाळवंटीकरण म्हणतात. उघडा खडक किती टक्के, झाडोरा किती टक्के, यावरून सौम्य, मध्यम, तीव्र असे टप्पे पाडतात.

हा आराखडा तिथे का चालतो, हे मान्य करायला हवं. ऱ्हास डोळ्यांना दिसतो, नकाशावर मोजता येतो, आणि त्या ऱ्हासाचा अर्थ एकच असतो: माती गेली. तरीही तिथल्या आकड्यांत एक गंमत आहे. ग्वेझोऊकडच्या काही अभ्यासांत ऱ्हास वाढताना मातीतले पोषक घटक आधी घटतात आणि तीव्र टप्प्यावर पुन्हा वाढलेले दिसतात. उघड्या खडकावरचा पालापाचोळा, धूळ, बारीक माती सगळं घसरून भेगेत साठतं. नमुनाही त्या भेगेतूनच घेतला जातो, कारण दुसरीकडे माती उरलेलीच नसते. मग प्रति किलो माती कर्ब भरपूर भरतो.

हिशेब करून बघा. समजा पहिल्या प्लॉटवर सगळीकडे ३० सेंटिमीटर माती आहे आणि तिची घनता १.२ आहे. म्हणजे हेक्टरी ३,६०० टन माती. कर्ब किलोला २५ ग्रॅम धरला तर हेक्टरी ९० टन. दुसऱ्या प्लॉटवर ८० टक्के उघडा खडक आहे, माती फक्त २० टक्के जागेवर, खोली आणि घनता तीच. माती उरली ७२० टन. कर्ब किलोला ४० ग्रॅम आला तरी हेक्टरी २९ टनांच्या आतच. प्रति किलो प्रमाण ६० टक्क्यांनी वाढलं आणि साठा एक तृतीयांशाहून खाली गेला. पेपरच्या सारांशात यातला कोणता आकडा लिहिला आहे, ते आधी बघा. ‘तीव्र टप्प्यात पोषकता सुधारते’ असं वाक्य दिसलं, तर लेखकाने प्रमाण आणि साठा यांची गल्लत केली आहे का, हे तपासल्याशिवाय ते वाक्य आपल्या वाङ्मय-आढाव्यात घेऊ नका.

आता आष्ट्याला या. इथे खडक बेसॉल्टचा, माती खोल काळी. बेसॉल्टमधून सुटलेला कॅल्शियम कोरड्या हवामानात चुनखडीच्या खड्यांच्या रूपात मातीतच बसतो. म्हणजे कार्स्टमध्ये चुना विरघळून बाहेर जातो, इथे तो साठत राहतो. आणि कॅल्शियम असा चुन्यात अडकला, की मातीच्या कणांवरची त्याची जागा सोडियमला मोकळी मिळते. काळी माती चोपण होण्याचं हे एक कारण, तेही माणसाने हात लावायच्या आधीचं. विदर्भातल्या पूर्णा खोऱ्यात नेमकं हेच घडलेलं आहे, आणि तिथे ते घडायला कालव्याचीसुद्धा गरज पडली नाही.

आपल्याकडे त्यावर पाणी चढलं. कोयना धरण १९६० च्या दशकात झालं, कृष्णेला बारमाही पाण्याची खात्री आली, उपसा योजना झाल्या, ऊस आला. आष्टा, दुधगाव, कसबे डिग्रज या पट्ट्यात नदीकाठच्या खोल रानांत पाण्याची पातळी वर आली, पाण्याबरोबर क्षार वर आले. काही रानांत मीठ फुटलं, काही चोपण झाली. ही तशी नवी गोष्ट नाही. नीरा डाव्या कालव्यावर १८८० च्या दशकात पाणी सुटलं आणि पुढच्या काही दशकांतच तिथली रानं पाणथळ आणि क्षारपड होऊ लागली. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये सिंचनासाठी खास विभाग काढला, त्याचं काम सिंचनाची पद्धत शेतीच्या गरजेला जुळवून घेण्याचं होतं. तोच विभाग वाढत जाऊन आजची पुण्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली. शंभर वर्षांचा प्रश्न आहे हा.

आता मुद्द्याची गोष्ट. आष्ट्याच्या ऱ्हासात माती कुठेही गेलेली नाही. मीटरभर खोल काळी माती जागच्या जागी आहे. नत्र, फॉस्फरस, पालाश त्यात आहेतच, वर दरसाल खतातून पडतातही. ताट वाढलेलं आहे, जेवणाऱ्याचे हात बांधलेले आहेत. क्षारांमुळे मुळाला पाणी ओढता येत नाही, पाणथळीमुळे मुळाला हवा नाही, सोडियममुळे मातीचे कण विखुरतात आणि वाळल्यावर दगडासारखे बसतात. कार्स्टचा आराखडा ‘काय हरवलं’ हे मोजायला बनवलेला आहे. इथे विचारायला हवं, ‘काय अडलं’.

शिडी एकच आहे का?

समजा सिनॉप्सिसमध्ये तुम्ही सौम्य, मध्यम, तीव्र असे तीन टप्पे लिहिलेत आणि ते ईसीवरून पाडलेत. पहिली अडचण अशी की क्षारयुक्त आणि चोपण हे एकाच शिडीचे पायऱ्या-पायऱ्यांचे टप्पे नाहीत. गावात दोन्हीला क्षारपड म्हणतात ते ठीक, पण तुम्ही म्हणू नका. क्षारयुक्त मातीत मिठाचं प्रमाण जास्त असल्याने कण एकमेकांना धरून असतात, पाणी मुरतं. चोपण मातीत मीठ कमी असूनही सोडियमने कण सुटे केलेले असतात, पाणी वरच साचतं. आणि कॅल्शियमची सोय न करता क्षारयुक्त रान नुसतं धुतलं, तर ते चोपण होऊ शकतं. म्हणजे ईसी घटली, तुमच्या शिडीवर रान ‘सौम्य’ झालं, आणि प्रत्यक्षात बिघडलं!

दुसरं, सीमारेषा कुठून आल्या ते बघा. ईसी ४ डेसिसायमन प्रति मीटर आणि ईएसपी, म्हणजे कणांवरच्या विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी, १५. हे आकडे अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेच्या १९५४ च्या हँडबुक ६० मधले आहेत आणि आपण ते प्रार्थनेसारखे म्हणतो. पण मास आणि हॉफमन यांच्या १९७७ च्या तक्त्यात उसाचं उत्पादन १.७ पासूनच घटायला लागतं, पुढच्या प्रत्येक एककाला ५.९ टक्के. म्हणजे ईसी ४ ला, जिथे तुमचा ‘क्षारयुक्त’ टप्पा जेमतेम सुरू होतो, तिथे ऊस साडेतेरा टक्के खाली गेलेला आहे. तुमचा ‘निरोगी’ कंट्रोल प्लॉट ३.५ चा असेल तर तो निरोगी नाही.

ईएसपीचंही तसंच. पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर बालपांडे आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा पेपर आहे, तो आणि त्याच्या आगेमागे नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेतून झालेलं काम जरूर वाचा. काळ्या मातीत ईएसपी १५ च्या बरीच खाली, ५ च्या आसपास असतानाच पाण्याचा निचरा मंदावतो, हे त्यातून पुढे आलं. माझ्या मते आपल्या भागात या विषयावर काम करणाऱ्याने ग्वेझोऊच्या दहा पेपरांआधी हे काम वाचायला हवं, कारण यात मोजायची गोष्ट बदलली आहे: सोडियम किती, यापेक्षा पाणी मुरतं किती.

शेतकरी हेच एका शब्दात सांगतो, ‘वापसा येत नाही.’ पाणी दिलं की रान चिखल, आणि सुकलं की ढेकूळ, मधली अवस्थाच नाही. तुमच्या निरीक्षण-तक्त्यात वापशासाठी एकही रकाना नसेल, तर गावातल्या कुणालाही दिसणारा ऱ्हास तुमच्या प्रबंधात दिसणार नाही.

तिसरं, जागेवरून काळ ओळखण्याचं. शेजारी-शेजारी चांगलं, मध्यम, वाईट रान आहे, म्हणून चांगलं रान हा ‘काल’ आणि वाईट रान हा ‘उद्या’, असं आपण गृहीत धरतो. १९८९ मध्ये पिकेट यांनी या पद्धतीचा पाया आणि तिच्या मर्यादा दोन्ही मांडल्या. २००८ मध्ये जॉन्सन आणि मियानिशी यांनी पाठ्यपुस्तकांत मिरवणारी जुनी उदाहरणं पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीच टिकली नाहीत. आष्ट्यात तर चोपण रान बहुधा खोलगट भागात, खोल मातीचं असतं आणि चांगलं रान वरच्या अंगाला, हलक्या मातीचं. पाणी सुटण्याआधीही ती दोन रानं सारखी नव्हती. त्यात २००५, २०१९, २०२१ चे महापूर. ज्या रानावरून पूर गेला तिथे गाळ बसला असेल, वरचे क्षार धुतले गेले असतील. शेजारचं रान उंचावर राहिलं असेल. हा सगळा फरक तुम्ही ‘ऱ्हासाचा टप्पा’ या एका नावाखाली घालणार का?

आणि एकाच चोपण रानातले पाच नमुने म्हणजे पाच पुनरावृत्ती नव्हेत. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याला नाव दिलं, आभासी पुनरावृत्ती. चाळीस वर्षं झाली, अजून व्हायवात हाच प्रश्न येतो आणि अजून उत्तर देताना घाम फुटतो.

१४ आणि १६ चा खेळ

आता सर्वांत महत्त्वाचं. पानातलं नत्र भागिले फॉस्फरस १४ पेक्षा कमी असेल तर झाडाला नत्र कमी पडतं, १६ पेक्षा जास्त असेल तर फॉस्फरस. हा नियम तुम्हाला कार्स्टच्या जवळजवळ प्रत्येक पेपरमध्ये सापडेल. मूळ पेपर कोर्सेलमन आणि म्युलेमन यांचा, १९९६ चा. त्यांनी पाणथळ जागांवरच्या खत-प्रयोगांचा, मुख्यतः युरोपातल्या, आढावा घेतला आणि तिथल्या नैसर्गिक वनस्पतींसाठी हा ठोकताळा काढला. काम चांगलं आहे, कारण गुणोत्तर आणि प्रत्यक्ष खत घातल्यावरचा प्रतिसाद अशा दोन्ही गोष्टी त्यात आहेत. पुढे उचलणाऱ्यांनी गुणोत्तर उचललं आणि खताचा प्रयोग तिथेच ठेवला.

हा नियम उसाला लावा. उसाच्या पानाच्या तपासणीत वापरली जाणारी किमान मर्यादा नत्राला १.८ टक्के आणि फॉस्फरसला ०.१९ टक्के अशी आहे. भागाकार करा, ९.५ येतो. समाधानकारक पातळी नत्र २ ते २.६ आणि फॉस्फरस ०.२२ ते ०.३०. त्याचं गुणोत्तर ९ च्या आसपास. म्हणजे सगळं व्यवस्थित मिळालेला, पोटभर जेवलेला ऊसही १४ च्या खूप खाली असतो! १४ चा नियम लावणारा विद्यार्थी आष्ट्याच्या प्रत्येक रानात, चांगल्या आणि चोपण दोन्ही, ‘नत्राची कमतरता’ असा निष्कर्ष काढणार. पुढच्या ओळीत नत्राची मात्रा वाढवण्याची शिफारस येणार.

आता ही शिफारस जमिनीवर काय करते ते बघा. आडसाली उसाला राहुरीच्या विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद, १७० किलो पालाश अशी आहे. चोपण रानात सामू ८.५ च्या वर असतो. वर टाकलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. पाणथळ भागात नायट्रेटचा वायू होऊन जातो. ऊस पिवळा पडलेला दिसतो, शेतकरी आणखी एक पोतं टाकतो. ज्या पैशातून निचऱ्याचा पाइप पडला असता, तो युरियात जातो. आणि या चुकीला आता प्रबंधाचा आधार मिळालेला असतो.

मातीतल्या गुणोत्तराचं दुखणं वेगळं आहे. स्फुरदाचा १७० हा आकडा ऑक्साइडच्या रूपातला; मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस सुमारे ७४ किलो. म्हणजे खतातलंच नत्र-फॉस्फरस गुणोत्तर साडेपाचच्या आत. नत्र उडतो, झिरपतो. फॉस्फरस चुन्याशी बांधला जाऊन मातीतच राहतो. वीस-तीस वर्षं उसाला खत घातलेल्या रानात एकूण फॉस्फरस वाढलेला असणार आणि गुणोत्तर खाली आलेलं असणार. ते खताचं पासबुक आहे, ऱ्हासाचा पुरावा नव्हे. तुलनेला क्लीव्हलंड आणि लिप्टझिन यांचं २००७ चं जागतिक सरासरी गुणोत्तर १८६:१३:१ ठेवायची पद्धत आहे. पण ते प्रामुख्याने जंगलं आणि गवताळ प्रदेशांतल्या मातीवरून काढलेलं आहे. उसाच्या फडाशी त्याची तुलना करून ‘कर्बाचा असमतोल’ असं लिहिणं मला तरी पटत नाही.

वनस्पती बदलते हेही विसरू नका. चांगल्या रानात ऊस, बिघडलेल्यात खुरटा खोडवा, पडीक टाकलेल्यात हरळी, लव्हाळा आणि वेडी बाभूळ. वेडी बाभूळ शेंगवर्गातली, हवेतला नत्र स्थिर करणारी. तिच्या पानात नत्र जास्त भरणारच. तुमच्या आलेखावर तीव्र टप्प्यात पानातलं नत्र वाढलं, तर ते मातीने केलं की बाभळीने?

प्रयोगशाळेतली चूक ऱ्हासाबरोबर वाढते

हे थोडक्यात, पण याच्याकडे दुर्लक्ष करू नका. सेंद्रिय कर्ब आपण बहुतेक वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढतो. त्यात क्लोराइडही डायक्रोमेट खातं. मातीत १ टक्का क्लोराइड असेल तर कर्ब सुमारे ०.०८ टक्क्याने फुगतो. ०.५ टक्के कर्बाच्या मातीत हा फरक सहावा हिस्सा आहे. मीठ फुटलेल्या रानातल्या वरच्या पापुद्र्यात असं क्लोराइड असू शकतं, चांगल्या रानात नसतं. म्हणजे चूक सगळीकडे सारखी नाही, ती नेमकी तुमच्या टप्प्यांबरोबर चढत जाते. सिल्व्हर सल्फेट वापरा किंवा क्लोराइड मोजून दुरुस्ती करा.

ज्वलन-यंत्रावर कर्ब काढणार असाल तर चुनखडी आडवी येते. १० टक्के चुना असलेल्या मातीत १.२ टक्के कर्ब निव्वळ चुन्याचा असतो, सेंद्रिय कर्बाच्या दुप्पट सहज. तो आधी आम्लाने काढा किंवा वेगळा मोजून वजा करा. फॉस्फरससाठी ओल्सेनची पद्धत घ्या. ब्रेचं आम्ल द्रावण चुन्यातच संपून जातं. पद्धतीच्या प्रकरणात ‘प्रमाणित पद्धतीने’ एवढंच लिहिलेला पेपर हाती आला, तर त्यातल्या कर्ब-नत्र गुणोत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका.

मग करायचं काय? टप्पे पाडायचेच असतील तर एका रानाच्या आत जा. बऱ्याच रानांत एका टोकाला ऊस उभा आणि दुसऱ्या टोकाला चोपणाचा डाग असतो. मालक तोच, खत तेच, पाणी तेच, खोलीही बरीचशी तीच. अशी वीस रानं घेऊन प्रत्येकातून एक-एक जोडी घेतली, तर ती एकाच रानातल्या साठ नमुन्यांपेक्षा कितीतरी जास्त सांगेल. पानात नत्र-फॉस्फरसबरोबर सोडियम, पालाश, कॅल्शियम मोजा, कारण पालाशची जागा सोडियमने घेतली का, हा इथला खरा प्रश्न आहे. उंच सामूच्या मातीत जस्त आणि लोह अडतात, तेही बघा. नमुने ६० ते ९० सेंटिमीटरपर्यंत घ्या. चोपणाचं मूळ वरच्या वीतभर थरात सापडत नाही.

आणि खराखुरा काळ मोजायची सोय इथेच आहे, जी ग्वेझोऊच्या विद्यार्थ्याला सहजासहजी मिळत नाही. शिरोळच्या दत्त कारखान्याने आपल्या भागात भूमिगत निचरा प्रणाली घालून क्षारपड जमीन सुधारण्याचं काम मोठ्या प्रमाणावर केलं आहे. सांगली जिल्ह्यातही असे पाइप पडले आहेत. पाइप पडण्याआधीचा नमुना, आणि मग दर हंगामाला त्याच जागेचा नमुना. इथे जागेवरून काळ ओळखायची गरजच नाही.

फक्त एक तयारी ठेवा. पाइपातून मीठ बाहेर पडतं तसं नायट्रेटही पडतं. रान सुधारत असताना, उसाला फुटवे येत असताना, वापसा परत येत असताना, तुमच्या तक्त्यात मातीतला नायट्रेट-नत्र घटलेला दिसू शकतो. ‘पोषक घटक घटले म्हणजे ऱ्हास’ हे गृहीतक सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असेल, तर त्या दिवशी रान आणि प्रबंध यांतलं एक खोटं ठरवावं लागेल. निचऱ्याचं पाणी जिथे ओढ्याला पडतं, तिथे बाटली लावून महिन्याला एकदा ईसी आणि नायट्रेट दोन्ही मोजलं, तर किती मीठ गेलं आणि त्यासोबत किती युरिया गेला, याचा हिशेब लागेल.